जिन्याखालची बाळंतखोली

१२ नोव्हेंबर

आमची कुत्री तांबी गाभण आहे. डॉक्टरांनी तिच्या पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडद्यावर चिमुकले ठोके दिसले. पिल्लं किती, ते आज सांगता येणार नाही म्हणाले. साधारण पंचविसाव्या दिवसानंतर गर्भ दिसायला लागतात, पण मोजायचे तर पंचावन्न दिवस उलटल्यावर एक्स-रे काढायचा. तोवर हाडं भरलेली असतात, कवट्या आणि कणे वेगवेगळे उमटतात.

तिची नसबंदी दिवाळीनंतर ठरली होती. त्याआधीच ती माजावर आली, आणि १४ ऑक्टोबरला दुकानाचं दार उघडं राहिलं. अजून वर्षाचीही नाही. या वयात तिच्यावर हे यायला नको होतं आणि ते टाळणं आमच्या हातात होतं. गाभणपणातही शस्त्रक्रिया करता येते, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रात्री घरात सगळे बसून बोललो. पिल्लं होऊ द्यायची, प्रत्येकाला घर शोधून द्यायचं आणि तिचं हे वेत पहिलं नि शेवटचं, असं ठरलं. म्हणून ही वही.

तारीख

कुत्रीचे दिवस ६३ धरतात. म्हणजे १६ डिसेंबर. पण लागल्या दिवसापासून मोजलं तर ५८ ते ६८ दिवसांत कधीही, कारण नराचं बीज तिच्या पोटात काही दिवस टिकून राहतं आणि गर्भधारणा नेमकी कधी झाली ते बाहेरून कळत नाही. तेव्हा ११ ते २१ डिसेंबर हे सगळे दिवस तिचे. त्या काळात घरातलं कुणी गावाला जाणार नाही.

भाद्रपद आणि कातिक

मराठीत भाद्रपदातल्या कुत्र्यांचा वाक्प्रचार आहे, तो शिवीसारखाच वापरतात. इकडे लखनौत तीच शिवी कातिकाच्या नावाने देतात. शिवी बाजूला ठेवली तर दोन्हीकडे एकच निरीक्षण आहे. आपल्या देशी कुत्र्या बहुधा वर्षातून एकदाच माजावर येतात, आणि ते दिवस पावसाळा सरताना येतात. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे तांबीचा १४ ऑक्टोबर आपल्या पंचांगात आश्विन वद्य आणि इथल्या पंचांगात कातिक.

पुढचं गणित मात्र जिवावरचं आहे. तिथून दोन महिने मोजले की ऐन थंडी. गंगेच्या या मैदानात डिसेंबर-जानेवारीत दिवसच्या दिवस धुकं हटत नाही, ऊन पडत नाही, भिंती गार राहतात. आणि गल्लीतली बहुतेक पिल्लं याच दिवसांत जन्माला येतात. गेल्या जानेवारीत तांबीही अशीच चौकातल्या एका बंद दुकानाच्या पायरीखाली सापडली होती. बाकीची भावंडं गार पडली होती.

जागा

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. त्या दुष्काळी भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी माणसं देशभर गेली, तशी सासऱ्यांच्या वेळी ही मंडळी लखनौच्या चौकात, सराफ्यात आली. खाली भट्टी, वर घर. खालच्या मजल्यावर तांबीला ठेवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तेजाबाचा धूर मोठ्या माणसाला खोकला आणतो, मग नवजात फुप्फुसांचं काय होईल.

वरच्या जिन्याखाली एक कोनाडा आहे, त्यात गाद्या असायच्या. तो रिकामा केला. तीन बाजूंना भिंत, वारा नाही, येणंजाणं नाही. पेटी प्लायवूडची करून घेतली. ती आडवी होऊन पाय पूर्ण पसरेल एवढी लांब-रुंद. पुढची कड एवढी उंच, की तिला सहज ओलांडता येईल पण पिल्लू बाहेर पडणार नाही. आत चारी भिंतींना, तळापासून आणि भिंतीपासूनही चार इंच सोडून, एक दांडी. आई भिंतीला टेकून बसली की मागे सापडलेलं पिल्लू चिरडतं. दांडी असली की त्याला तेवढी सांद मिळते. सुताराला आधी हे पटेना. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने दांडीच्या कडा स्वतःहून घासून गोल करून दिल्या.

पेटी तीन आठवडे आधीच मांडली. तिला ती आपली वाटायला हवी. शेवटच्या दिवशी दाखवली तर ती पलंगाखालीच विणार.

आत्यांचं म्हणणं

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी गावाकडे म्हशी, गाई, शेळ्या यांची कितीतरी वेतं काढली आहेत. पेटी बघून म्हणाल्या, "आडोसा दे, अंधार दे. दहा माणसं भवती उभी राहिली की जनावराच्या कळा थांबत्यात बघ."

हे अगदी खरं आहे. भेदरलेल्या जनावराच्या अंगात भीतीचं रसायन उसळतं आणि ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. डॉक्टरांनी सांगितलं ते आणि आत्यांनी सांगितलं ते एकच निघालं.

दोन गोष्टींना मात्र त्यांना नको म्हणावं लागलं. एक, ओवा-बाळंतशेपांची धुरी. एवढ्याशा कोनाड्यात धूर नको. दुसरी, डिंकाचे लाडू. त्यात मनुका असतात, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आत्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठून त्यांनी तांबीसाठी नुसतं कोंबडीचं पाणी आणि मऊ भात शिजवला, मीठ-मसाल्याविना.

खाणं

पहिला महिना नेहमीचंच जेवण. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लं झपाट्याने वाढतात, तेव्हा खाणं वाढवायचं, पण एका वेळी कमी आणि दिवसातून चार वेळा, कारण पोटात जागाच उरत नाही. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य आईलाच सुरू केलं. त्यात ताकद जास्त असते.

कॅल्शियमच्या गोळ्या नाहीत. एका ओळखीच्यांनी प्रेमाने बाटली आणून दिली होती, ती परत केली. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणायची आपली सवय सोडून देतं. मग व्याल्यावर दूध भरात आलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. अंग थरथरतं, पाय ताठ होतात, ताप चढतो. हे बहुधा पहिल्या चार आठवड्यांत होतं आणि काही तासांतच जिवावर येऊ शकतं. ही लक्षणं वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहेत.

ऊब

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिले काही दिवस त्याला कुडकुडताही येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवं. बाहेर आठ-नऊ अंश असताना.

ऊब पेटीच्या अर्ध्याच भागात द्यायची. आईला उकडलं की ती उठून जाते, आणि पिल्लाला फार गरम झालं तर सरकायला जागा हवी. तळाशी विजेची गादी, तिच्यावर जाड चादर. वीज गेली तर रबरी पिशव्यांत गरम पाणी, टॉवेलात गुंडाळून. कोळशाची अंगीठी अजिबात नाही. बंद जागेत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि माणसंसुद्धा झोपेतच जातात.

रजई घालायची नाही, तिच्या घड्यांत पिल्लू हरवतं. कळांच्या वेळी वर्तमानपत्रं, नंतर पाय न घसरणारी सपाट चादर.

आणि हे मोठ्या अक्षरांत: गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. गार पोटात आतडी हलत नाहीत, दूध तसंच पडून राहतं.

डब्यात काय आहे

स्वच्छ जुने टॉवेल, पंधरा. उकळून वाळवलेला जाड दोरा. कात्री. आयोडीन. थर्मामीटर. हातमोजे. विजेरी. पिल्लांच्या दुधाची पावडर आणि बाटली, कारण गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाइतकी प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात. चार रंगांची लोकर, खुणेसाठी. वही, पेन, घड्याळ.

डब्यात काय नाही: ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. "घरात असू द्या, अडली तर टोचा," असा सल्ला एकाने दिला. वाट अडलेली असताना ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. ते डॉक्टरांच्याच हातात राहू दे.

भिंतीवरचा कागद

या तयारीत सगळ्यात जास्त वेळ या कागदावर गेला. मध्यरात्री, थकलेल्या डोक्याने, कधी हात लावायचा नि कधी नाही हे ठरवता येणार नाही. ते आज दुपारीच ठरवून ठेवायला हवं.

थांबायचं कधी: ती अस्वस्थ आहे, धापा टाकते, कागद फाडते, खात नाही. हे बारा तास चालू शकतं, कधी त्याहून जास्त. पिल्लू पायाळू येतंय तरी थांबायचं, कुत्र्यांत जवळपास निम्मी पिल्लं मागच्या पायांनीच येतात. दोन पिल्लांच्या मध्ये ती शांत पडून आहे, दोन तासांपर्यंत थांबायचं.

निघायचं कधी: अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू नाही. शांत पडून दोन तास झाले आणि आत अजून आहेत. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव, म्हणजे वार सुटली आणि पिल्लाचा श्वास तुटतोय. पहिल्यानंतर तोच रंग दिसला तर घाबरायचं नाही. ६८ दिवस उलटले. ती निपचित पडली.

निघायचं म्हणजे

आमच्या गल्लीत चारचाकी येत नाही. गोल दरवाज्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि धुक्यात रात्री दोन वाजता तिथे काही मिळत नाही. जवळच्या ई-रिक्षावाल्या भैयांशी बोलून ठेवलं. ते म्हणाले, "रात को फ़ोन बजेगा तो समझ लूँगा बिटिया का है।" तिला उचलायची झोळी जाड चादरीची केली. धाकट्या दिरांनी आणि मी वाळूचं पोतं घालून ती दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पाहिली. रात्री उघडा असणारा दवाखाना दोन वेळा फोन करून पक्का केला.

सोहर

शेजारच्या चाचींना तांबीची बातमी कळली तेव्हा त्या सोहर गुणगुणायला लागल्या. अवधात मूल जन्मलं की बायका सोहर गातात. त्यांतलं एक त्यांनी मला समजावून सांगितलं. पळसाखाली हरणी उभी आहे. रामाच्या छठीसाठी तिचा हरीण मारला जातो. ती कौसल्येला विनवते, मांस तर शिजतंय, निदान कातडं तरी दे. कौसल्या देत नाही, त्याची रामाला खंजिरी होणार आहे. पुढे ती खंजिरी वाजली की हरणी पळसाखाली कान देऊन उभी राहते.

आपल्याकडे पाचवीला सटवाई नशीब लिहिते म्हणतात, इथे छठी. राजाच्या घरच्या जन्मोत्सवात बायकांनी ज्या गाण्यात हरणीचं दुःख विसरू दिलं नाही, ते गाणं ऐकल्यापासून तांबीच्या पोटावर हात ठेवताना मला ते आठवतं.

८ डिसेंबर

एक्स-रे. चार कवट्या. संख्या कळली हे फार मोठं काम झालं. आता "संपलं का अजून आहे" हा प्रश्न अंधारात पडणार नाही.

आजपासून सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं. कुत्र्याचं अंग नेहमी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. विण्याआधी गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पारा ९९ च्या खाली येतो. तिथून साधारण चोवीस तास.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

९८.६.

दोनदा पाहिलं. आत्यांनी न बोलता कोनाड्याच्या तोंडावर जुनं लुगडं बांधलं.

१५ डिसेंबर, रात्र

दिवसभर तिने अन्नाला तोंड लावलं नाही. कागद फाडून फाडून ढीग केला. थरथरत होती. मी पेटीबाहेर, हाताच्या अंतरावर, पाठ वळवून बसले. सारखं बघितलेलं तिला आवडत नव्हतं.

११.०५ ला पहिलं. तिने स्वतः पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून रडवलं. माझे हात मांडीवरच होते. ११.५० ला दुसरं. त्याला ती चाटत असतानाच ११.५८ ला तिसरं आलं, आणि तिला ते कळलंच नाही. पिशवी न फुटलेली, सायीसारखी पातळ, आत मिटलेलं तोंड. कागदावर लिहिलं होतं: तिने एका मिनिटात फोडली नाही तर आपण. मी घड्याळाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. टॉवेलच्या कोपऱ्याने नाकाशी पिशवी फाडली, तोंडातला चिकटा पुसला, डोकं थोडं खाली धरून पाठ चोळत राहिले. गरगर फिरवायचं नाही, त्याने मेंदूला इजा होते, हे आधीच वाचलेलं. चोळत राहिले. बराच वेळ काही नाही. मग छाती एकदा आत गेली, आणि कुई असा आवाज आला. पोटापासून इंचभर सोडून नाळेला दोरा बांधला, पलीकडे कापलं, आयोडीन लावलं आणि तिच्या तोंडाशी ठेवलं. तिने ते लगेच आपलं केलं.

मग सव्वा वाजेपर्यंत ती नुसती पडून होती. दीर झोळी घेऊन उभे राहिले. कागदावर दोन तास लिहिलेत, असं मी त्यांना हळूच सांगितलं. १.४५ ला चौथं, पायाळू, सहज.

वारा चार मोजल्या. प्रत्येक पिल्लामागे एक पडायलाच हवी, आत राहिली तर विषबाधा. दोन तिने खाल्ल्या, दोन मी काढून घेतल्या, कारण जास्त खाल्ल्या की तिला हगवण लागते.

चीक

पहिल्या चोवीस तासांत चारही पिल्लांच्या पोटात चीक गेला पाहिजे. आजारांशी लढायची आईची ताकद नाळेतून फार थोडी उतरते, जवळजवळ सगळी चिकातून येते, आणि पिल्लाचं आतडं ती पहिल्या दिवशीच शोषून घेतं. आपल्याकडे खरवस करायचा तरी वासराचं पोट भरल्यावर. तिसऱ्या पिल्लाला मी मागच्या, जास्त दूध असलेल्या सडाला धरून लावलं.

तोळा-मासा

दुकानातला चांदीचा काटा वर आणला. वाडग्यात कापड घालून शून्य केलं. तांबडी लोकर ३१०, हिरवी २९५, निळी २६०. आणि पिवळी, म्हणजे ते तिसरं, २१५ ग्रॅम.

काट्यावर बोलायची आमची भाषा तोळ्याची. तोळा आता सरळ दहा ग्रॅमचा, जुना ११.६६ चा होता, आणि मासा त्याचा बारावा भाग. प्रकृती तोळा-मासा असणं म्हणजे काय, हे मला या काट्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी पिवळी २०७. पहिल्या दिवशी थोडं उतरतं, पण पुढे रोज चढायलाच हवं. दर दोन तासांनी तिला एकटीला सडाशी लावलं, मोठ्यांना तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून. तिसऱ्या दिवशी २१३. सासऱ्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला. आयुष्यभर त्यांनी काट्यावर सोनं पाहिलं. तो आकडा त्यांनी मोठ्याने दोनदा म्हटला.

भेटायला येणारे

गल्लीतल्या सगळ्यांना बघायचं आहे. प्रेमाने विचारतात, नाही म्हणणं जड जातं. पण पार्व्होचा विषाणू चपलांना चिकटून येतो. म्हणून तीन आठवडे कुणी नाही. घरच्यांनीही चपला खाली, हात साबणाने. चाचींना फोनवर पिल्लांचा आवाज ऐकवला.

२७ डिसेंबर

बारावा दिवस. पिवळी ४३२. जन्माच्या दुप्पट. उद्या-परवा डोळे उघडतील. पिल्लं अजून आपण होऊन मुततही नाहीत, तांबी पोट चाटते तेव्हाच होतं. ती दिवसभर हे करते आणि मग मान टाकून झोपते.

चौदाव्या दिवशी जंताचं पहिलं औषध, पिल्लांना आणि तिलाही. गोलकृमी पोटात असतानाच आईकडून पिल्लांत जातात.

शेवटचं पान

पिल्लं आठ आठवड्यांआधी आईपासून तोडायची नाहीत. विक्रीचे २०१७ चे केंद्रीय नियमही हेच सांगतात, आम्ही तर विकणारच नाही. म्हणजे ९ फेब्रुवारीनंतर. तोवर पहिली लस झालेली असेल. तांबडी ई-रिक्षावाल्या भैयांकडे जाणार. हिरवी अलीगंजच्या एका शिक्षिकेकडे. निळीसाठी दोन घरं बघतोय. प्रत्येकाकडून एकच शब्द घेतला आहे: तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, नगर निगमचा परवाना आणि वेळेवर नसबंदी. कातिकाच्या आधी.

पिवळीचं नाव आत्यांनी ठेवलं, मासा. ती कुठे जाणार नाही.

तांबीची शस्त्रक्रिया दूध आटल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस. तारीख डॉक्टरांच्या वहीत लिहिली, माझ्याही. दुकानाच्या दाराला आतून नवी कडी बसवली आहे.